पाठीकडून छातीकडे

रास अल खैमा, सकाळचे सहा.
बसमधून माणसं उतरतात,
हातात पासपोर्टाची झेरॉक्स,
डोळ्यांत रात्रपाळी.
आत माझी खोली थंडगार, भिंतींत शिसं.
इथे शब्द मोजकेच लागतात:
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
ते मला सात भाषांत येतात.
पश्तूमध्ये मला पाणी मागता येत नाही,
श्वास रोखायला सांगता येतं.

छाती पाटीला टेकवा. हनुवटी वर.
खांदे पुढे रेटा, पाठीचे फरे बाजूला होऊ देत.
किरण पाठीतून शिरतो,
कारण हृदय पाटीजवळ असावं लागतं;
दूर राहिलं की उगाच मोठं दिसतं.
(नव्या मुलींना शिकवताना मी इथे जरा थांबते.
कुणी हसत नाही.)

नळीत इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात.
शंभरातली नव्याण्णव मेहनत तापण्यातच जाते,
एकाचा किरण होतो.
अंतर दुप्पट केलं की तो चौथाईवर येतो,
म्हणून मी शिशाच्या काचेमागे, लांब.
घराबाबत हा नियम लावून पाहिलाय.
लागू पडत नाही.

हवेतून किरण सरळ जातो: काळं.
मांसात थोडा रेंगाळतो: करडं.
चुन्याला अडतो: पांढरं.
बरगडी म्हणजे शेवटी चुनाच,
आणि या खोलीला खिडकी असती
तर तोच चुना दिसला असता
शहरामागे डोंगर होऊन उभा,
रोज थोडा कमी.

टोकन एकशे बेचाळीस. हणमंत ढोबळे.
"ताई, तुम्ही कोकणातल्या."
माझ्या 'धरून ठेवा'तला हेल त्यानं पकडला.
"मंडणगड," मी म्हटलं.
"मी जतचा. इथं क्रशरवर. अकरा वर्षं झाली."
गळ्यातला काळा दोरा न सांगताच काढला त्यानं,
मुठीत घेतला.
असू दे. मूठ चित्रात येत नाही.

कळ दाबली.
पडद्यावर दोन्ही फुप्फुसांच्या माथ्याला
बारीक पांढरे कण,
आत कुणी रवा सांडल्यासारखे.

आजार असला तरी पांढरं.
दगडाची धूळ बसली तरी पांढरं.
जुना घाव भरून आला, तोही पांढराच.
पुढचं, मागचं, कालचं, आजचं
सगळं एकाच सपाट पाटीवर एकमेकांवर पडलेलं.
किती अडलं, एवढंच किरण सांगतो.
कशानं अडलं, कुणाच्या कामावर, किती पगारात,
ते त्याच्या अभ्यासक्रमात नाही.

"थोडं मागे झुका. पोट पुढे. श्वास घ्या. धरा."
दुसऱ्या फोटोत हासळी वर सरकली.
कण जिथल्या तिथे.
शेजारी दोन वर्षांपूर्वीची फिल्म उघडली.
त्यातही होते की! चार-पाच. हासळीच्या आडोशाला.
खाली तंत्रज्ञ म्हणून नाव: सफूरा परकार.
तेव्हा हासळी हलवावी असं मला सुचलं नव्हतं.

"ताई," काचेपलीकडून दबका आवाज,
"सोडू का?"

मी सोडा म्हणायला विसरले होते.

अहवाल मी लिहीत नाही, वरचे डॉक्टर लिहितात.
पण चित्राखाली एक रकाना असतो, तंत्रज्ञाची टीप,
वर्षानुवर्षं रिकामा.
माझ्या छातीवर बिल्ला आहे,
मला किती किरण लागले ते मोजणारा.
तो ठरल्या तारखेला तपासायला जातो.
धुळीचा बिल्ला मी कुणाच्या छातीवर पाहिला नाही.

रकान्यात टाइप केलं:
दगडाचा क्रशर. अकरा वर्षं. जुन्या फिल्मशी ताडून पाहावं.
यानं तो इथे राहील की लवकर जाईल,
मला ठाऊक नाही.

दोरा पुन्हा गळ्यात बांधताना
त्याला गाठ जमेना. बोटं जाड झालेली.
मी बांधून दिली.
बाहेर एकशे त्रेचाळीस खोकत होता.